आधी ऊब, मग उजेड

मिरचीचं बी पेरलं की तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून माणूस कुंडीत डोकावू लागतो. सोबत पेरलेली मेथी तोवर वर आलेली असते, मुळ्याची पानं उलगडलेली असतात, मिरचीच्या कुंडीत मात्र नुसती माती. आठवडा उलटला की मनात शंका येऊ लागतात. बी जुनं असेल, फार खोल पडलं असेल, दुकानदाराने काहीतरी भलतंच दिलं असेल. मग कोणी माती उकरून बघतं, कोणी आणखी पाणी ओततं. घरी लावलेल्या मिरचीची बरीच रोपं अशी उगवण्याआधीच संपतात. दोष बियांचा क्वचितच असतो. त्या बियांना हवी तेवढी ऊब मिळालेली नसते, एवढंच.

मिरची मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या किनाऱ्याला लागली आणि आपल्या स्वयंपाकघरात अशी रुळली की ती बाहेरून आली हे आज सांगूनही खरं वाटत नाही. पण तिच्या बियांचा स्वभाव बदललेला नाही. गेल्या शतकाच्या मध्याला कॅलिफोर्निया विद्यापीठातले जे. एफ. हॅरिंग्टन यांनी भाज्यांच्या बिया वेगवेगळ्या तापमानाच्या मातीत किती दिवसांत वर येतात याच्या नोंदी केल्या. मिरचीचे आकडे बघण्यासारखे आहेत. माती २५ ते ३० अंश सेल्सियस असेल तर साधारण ८ दिवस. २० अंशांना १३ दिवस. १५ अंशांना २५ दिवस. आणि १० अंशांना उगवणच नाही. म्हणजे त्याच पाकिटातलं तेच बी. मातीत दहा-पंधरा अंशांचा फरक पडला की आठवडाभराचं काम महिन्यावर जातं. त्या महिन्यात बी ओल्या, गार मातीत पडून राहतं आणि बुरशीला आयतं सापडतं.

असं का होतं, याचं कारण बियाच्या आतल्या रचनेत आहे. मिरचीच्या चपट्या, पिवळसर बियात कोंब गोल गुंडाळून बसलेला असतो आणि त्याच्याभोवती त्याचंच अन्न साठवलेला गर असतो. बाहेर पडायचं तर कोवळ्या मुळाला आधी या गराचा पडदा भेदावा लागतो. मुळाच्या टोकासमोरचा तेवढा भाग विशिष्ट विकरं हळूहळू मऊ करतात. तो पुरेसा सैल झाला की मगच मूळ बाहेर सरकतं. विकरांच्या कामाचा वेग तापमानावर ठरतो. बी पाणी पिऊन फुगलेलं दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं आता उगवणार. पण गारठ्यात आतलं काम अडलेलं असतं. इथे उजेडाचा फारसा संबंध नाही. मातीखाली अर्धा-पाऊण सेंटिमीटर गेलेल्या बियाला ऊन दाखवून काही फायदा होत नाही, झालाच तर वरची माती सुकून तोटा होतो.

माझ्या मते मिरचीच्या रोपांबद्दल एवढी एक गोष्ट पक्की डोक्यात बसली तर निम्मं काम झालं: उगवेपर्यंत ऊब, उगवल्यावर उजेड. घरोघरी होतं ते नेमकं उलट. पेरलेली कुंडी खिडकीच्या गार कठड्यावर उजेडात ठेवतात, आणि कोंब वर आले की ‘नाजूक आहेत’ म्हणून आत, अंधाऱ्या कोपऱ्यात नेतात.

व्यावसायिक रोपवाटिकेत हे तत्त्व डोळ्यांनी बघता येतं. नारायणगाव, नाशिक, सांगली या पट्ट्यांत भाज्यांच्या मोठाल्या रोपवाटिका आहेत. तिथे काळ्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये कोकोपीट भरतात, प्रत्येक खळग्यात एकेक बी टाकतात, वर कोकोपीटचं पातळ झाकण देऊन पाणी मारतात. आणि मग हे ट्रे उन्हात मांडत नाहीत. एकावर एक चळत रचून ती प्लास्टिकच्या कागदाने गच्च गुंडाळतात. आत अंधार, दमटपणा आणि ऊब. थंडीच्या दिवसांत चळत जास्त दिवस बांधून ठेवतात, उन्हाळ्यात लवकर सोडतात. पहिले कोंब माती उचलताना दिसले की त्याच दिवशी चळत मोडून ट्रे शेडनेटखाली पसरतात. इथे एक दिवसाचा उशीरही महागात पडतो, कारण झाकलेल्या ट्रेत कोंब पांढरेफटक आणि लांबडे होतात.

घरी एवढा पसारा नको. दह्याचे रिकामे डबे किंवा कागदी कप, तळाला दोन-तीन भोकं, वरून प्लास्टिकची पिशवी ओढून घेतली की झाली चळत. प्रश्न ऊब कुठे मिळेल एवढाच. मुंबई-ठाण्यात, कोकणात किंवा गोव्यात हा प्रश्नच नाही. तिथे ओट्याखालचा कोपराही वर्षभर पुरेसा उबदार असतो. पुणे, नाशिक, विदर्भ इथे मात्र जानेवारीच्या पहाटे बाहेरचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, निफाडकडे तर त्याच्याही बराच खाली. आणि उन्हाळी मिरचीची रोपं करायची वेळ नेमकी तीच. अशा वेळी इन्व्हर्टरच्या वर, चोवीस तास चालू असलेल्या सेट-टॉप बॉक्सवर किंवा वायफायच्या राउटरजवळ डबे ठेवावेत. खाली ताट ठेवायला विसरू नये, पाणी आणि वीज यांची गाठ नको. दिवसा कोमट झालेली गच्ची रात्री थंडगार होते, म्हणून बाहेर ठेवायचेच असतील तर संध्याकाळी डबे आत यायला हवेत.

आता बियांकडे. दुकानातलं संकरित बी घेतलं तर ते बहुधा गुलाबी, निळ्या किंवा लाल रंगाचं असतं. तो रंग औषधाचा असतो. असं बी स्वयंपाकाच्या वाटीत भिजत घालू नये, हात लावल्यावर साबणाने धुवावेत आणि पोरांच्या हाती पाकीट देऊ नये. संकरित मिरचीच्या फळातून बी धरलं तर पुढच्या पिढीत आईसारखी झाडं येतीलच असं नाही. काही उंच, काही खुजी, काही कमी तिखट निघतात. घरी बी धरायची हौस असेल तर पुसा ज्वाला, फुले ज्योती यांसारख्या सुधारित सरळ जाती किंवा आपल्या भागातली जुनी मिरची घ्यावी. नागपूर जिल्ह्यातली भिवापुरी, गोव्यात काणकोणची खोला या मिरच्यांना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, आणि त्यांचं बी टिकलं ते शेतकऱ्यांनी दरवर्षी घरीच निवडून ठेवल्यामुळे.

मसाल्यासाठी आणलेल्या सुक्या लाल मिरचीतलं बी उगवतं का, हा नेहमीचा प्रश्न. अंगणात उन्हात वाळलेली, त्याच हंगामातली मिरची असेल तर बरंचसं उगवतं. भट्टीत वाळवलेली, दमट हवेत साठवलेली किंवा दोन-तीन वर्षं डब्यात पडलेली असेल तर भरवसा नाही. शंका असेल तर दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून उबेला ठेवाव्यात आणि दहा-बारा दिवसांनी मोजाव्यात. सात-आठ बियांना मोड आले तर पेरायला हरकत नाही. तीन-चारांनाच मोड आले तर बी दुसरं शोधावं.

बी काढताना बोटं झोंबतात, त्यावरून तिखटपणा बियांत असतो असा समज आहे. खरं तर तो तयार होतो फळाच्या आतल्या पांढऱ्या शिरांत, जिथे बिया चिकटलेल्या असतात. बियांना तो नुसता माखतो. काढण्याआधी हाताला गोडं तेल चोळलं तर आग कमी होते. या झोंबण्यामागे मिरचीचा स्वतःचा हिशेब आहे. जॉशुआ ट्यूक्सबरी आणि गॅरी नाभान या शास्त्रज्ञांनी रानमिरचीवर केलेलं काम २००१ साली प्रसिद्ध झालं. उंदरांसारखे प्राणी बिया दातांनी चिरडतात, त्यांच्या पोटातून गेलेलं बी उगवत नाही. पक्षी ते अख्खं गिळतात आणि दूरवर टाकतात, तरी बी शाबूत राहतं. पक्ष्यांना मिरचीची आग जाणवतच नाही, कारण माणसाच्या जिभेवर ज्या ग्राहीला मिरचीतलं तिखट रसायन भिडतं तो पक्ष्यांत वेगळ्या घडणीचा असतो. हा ग्राही शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ सालचं नोबेल विभागून मिळालं. परसातल्या पिकल्या मिरचीवर बुलबुल तुटून पडतो, त्याचं कारण हेच.

पेरायला कोकोपीट चांगलं, पण विटेतून काढून लगेच वापरू नये. त्यात क्षार असू शकतात. दोन-तीनदा पाण्यात धुऊन, पिळून घ्यावं. निम्म्यापेक्षा जास्त कोकोपीट आणि बाकी चाळलेलं, चांगलं मुरलेलं गांडूळखत हे मिश्रण पुरतं. बागेतली काळी चिकणमाती डब्यात भरली तर ती पाण्याने घट्ट बसते आणि कोंबाला वर येणं जड जातं. ताजं शेण तर मुळीच नको. पेरण्याआधी बियांना चिमूटभर ट्रायकोडर्मा चोळावं. ही उपकारक बुरशी कृषी सेवा केंद्रात पुडीत मिळते आणि रासायनिक औषध चोळलेल्या बियांना लावायची गरज नसते.

ट्रायकोडर्मा कशासाठी, हे ज्याने रोपं कोलमडताना पाहिली आहेत त्याला सांगायला नको. रात्री ताठ उभी असलेली रोपं सकाळी आडवी झालेली असतात. पानं अजून हिरवीच. जवळून पाहिलं तर मातीलगत खोडाचा तेवढाच भाग पाणी शोषल्यासारखा तपकिरी होऊन दोऱ्याइतका बारीक झालेला दिसतो. वरचं रोप धडधाकट, खालचं मूळही बहुधा शाबूत, मधली मान गेलेली. पिथियम, रायझोक्टोनिया यांसारख्या बुरशींचं हे काम. एक रोप आडवं झालं की त्याच डब्यातली शेजारची दोन-तीन जातात, आणि पडलेलं रोप उभं करण्याचा उपाय नाही. औषधापेक्षा पाण्याचा हात आवरणं इथे जास्त उपयोगी. उगवल्यानंतर वरची पिशवी पूर्ण काढावी. पाणी वरून शिंपडण्यापेक्षा डबा परातीतल्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवावा, खालून माती हवं तेवढं ओढून घेते. मग डबा उचलून निथळू द्यावा. पुढचं पाणी वरचा थर कोरडा दिसू लागल्यावरच. बी दाट टाकू नये. कोंबांमध्ये हवा खेळली पाहिजे. आणि जुने ट्रे, जुने डबे साबणाने धुऊन उन्हात वाळवल्याशिवाय पुन्हा वापरू नयेत.

उगवण बघण्यासारखी असते. आधी मातीतून पांढरट-हिरवी कमान वर येते. दोन्ही टोकं अजून मातीतच असतात. या वाकलेल्या भागाने माती दूर सारली की कमान सरळ होऊ लागते आणि तिच्याबरोबर दोन लांबट, टोकदार बीजपत्रं वर ओढली जातात. कधी बियाचं टरफल टोपीसारखं त्यांवर अडकून राहतं. ते नखाने ओढलं तर पानं तुटून हातात येतात. त्यावर पाण्याचा थेंब ठेवावा, अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा एक. टरफल मऊ झालं की बहुधा आपसूक गळतं, नाहीतर चिमट्याच्या टोकाने हलकेच सरकवता येतं. बी फार वरवर पेरलं की असं अधिक होतं, कारण टरफल घासून काढायला वर माती पुरेशी नसते.

ही कमान दिसली त्या क्षणापासून नियम पालटतो. आता ऊब थोडी कमी चालेल, उजेडात काटकसर चालणार नाही. आपले डोळे इथे आपल्याला फसवतात. दिवाणखान्यात दिवे लावले की आपल्याला सगळं लख्ख दिसतं, पण मोजलं तर ते काही शे लक्स असतात. भर दुपारच्या उन्हात तो आकडा लाखाच्या घरात जातो. रोपाला खोली अंधारीच वाटते. अंधारात वाढणारं रोप मातीखाली अडकल्यासारखं वागतं: पानं नंतर, आधी खोड लांबवून उजेडापर्यंत पोचू. म्हणून ते उंच, फिकट आणि मान टाकलेलं होतं. घरातले कौतुकाने म्हणतात, चार दिवसांत केवढं वाढलं. ती वाढ नसते, उपासमार असते. टोमॅटोचं असं रोप खोलवर लावून सावरता येतं, त्याच्या खोडाला सहज मुळं फुटतात. मिरचीचं तसं नाही. लांबलेलं रोप लांबलेलंच राहतं.

आपल्याकडे उपाय सोपा आहे. दक्षिणेची किंवा पूर्वेची खिडकी, ग्रिलमध्ये किंवा गॅलरीत चार-पाच तास कोवळं ऊन, आणि रोज डबे अर्धे फिरवणं. एका बाजूलाच ऊन असेल तर रोपं तिकडे झुकतात. पंख्याची मंद झुळूक लागू द्यावी, किंवा दिवसातून एकदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलका फिरवावा. खोड हललं की ते जाड आणि बुटकं होतं. झाडांची ही सवय प्रयोगांनी नीट सिद्ध झालेली आहे. मेमधल्या पेरणीला मात्र दुपारचं ऊन सोसत नाही; तेव्हा हिरवी जाळी किंवा जुनी सुती साडी आडवी बांधावी.

परदेशातल्या मराठी घरांत हा खेळ वेगळ्याच वेळापत्रकाने चालतो. टोरांटोच्या आसपास मिरची बाहेर लावायची ती मे महिन्याच्या अखेरीस, व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीच्या सुमारास, कारण त्याआधी रात्रीच्या हिमकणांचा धोका असतो. हंगाम संपतो सप्टेंबरात. मिरचीला पेरणीपासून पिकलेल्या फळापर्यंत चार-पाच महिने सहज लागतात, म्हणजे फेब्रुवारीत, बाहेर बर्फ असताना, घरातच पेरल्यावाचून लाल मिरची हाती येणं कठीण. घरातली हवा २०-२१ अंश ठेवलेली असते, पण ओल्या कुंडीतून बाष्पीभवन होत राहतं, शिवाय खिडकीची काच गार, त्यामुळे माती हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंडच. तिथे बियांसाठी विजेवर चालणारी उबदार चटई मिळते, ती उगवण होईपर्यंत वापरावी आणि मग काढून ठेवावी. फेब्रुवारीतल्या खिडकीचा उजेड मिरचीला अजिबात पुरत नाही. साधे पांढरे एलईडी ट्यूबलाइट रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर अंतरावर टांगून दिवसाचे १४ ते १६ तास चालू ठेवले तर इथल्यासारखी गुटगुटीत रोपं होतात. दिवे बंद-चालू करायला टायमर लावलेला बरा. हाबानेरो किंवा आसामची भूत जोलोकिया यांसारख्या अतितिखट मिरच्या करायच्या असतील तर आणखी दोन आठवडे आधी पेरावं; त्यांचं बी उगवायला तीन-चार आठवडेही घेतं. भारतातून बी बॅगेत टाकून नेऊ नये. वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय अनेक देश ते सीमेवरच काढून घेतात, आणि मिरची-टोमॅटोच्या बियांतून पसरणाऱ्या एका नव्या विषाणूमुळे २०१९ नंतर हे नियम बऱ्याच ठिकाणी अधिक कडक झाले. तिथल्या बियाणे विक्रेत्यांकडे आता भारतीय जातीही मिळतात.

महाराष्ट्रात थंडी एवढी नाही, मग घरात रोपं कशाला करायची? बोकड्या टाळण्यासाठी. पानं आक्रसून, वळून, झाड खुरटतं तो हा बोकड्या, म्हणजेच चुरडा-मुरडा. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी, आणि पांढरी माशी पसरवते तो विषाणू वेगळाच. विषाणू रोपावस्थेत शिरला तर त्या झाडाला नीट मिरची लागतच नाही. तोच फळं धरल्यावर आला तर नुकसान कमी होतं. म्हणून शेतकरी गादीवाफ्यावर बारीक जाळी अंथरतात. घरातली बंद खिडकी किंवा डब्यावर ताणून बांधलेलं मलमल तेच काम करतं. पहिले पाच-सहा आठवडे किडीपासून वाचवले की पुढचं झाड बरंच सोसतं.

खऱ्या पानांची पहिली जोडी आली की खायला द्यावं. कोकोपीटमध्ये स्वतःचं अन्न जवळजवळ नसतं. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा, एवढं पुरे. किंवा पातळ केलेलं गांडूळपाणी. चार-सहा खरी पानं, वीतभर उंची, साधारण ४० ते ४५ दिवसांचं वय, ही लावणीची वेळ. पण घरातलं रोप थेट उन्हात नेलं तर दुसऱ्या दिवशी पानांवर पांढरे, कागदासारखे चट्टे पडतात. पहिल्या दिवशी सकाळचं तासभर ऊन, मग रोज थोडं वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण उन्हात. लावणी संध्याकाळी करावी. कुंडी निदान दहा-बारा इंच खोलीची हवी. अगदी लहान रोपावर, लावणीआधीच कळी आली तर ती खुडावी. मुळं जमिनीत पसरायच्या आत फळ धरलं तर झाड तिथेच थांबतं.

झाडाला मिरच्या लागल्या आणि त्याच जातीचं बी पुढच्या वर्षी हवं असेल तर फुलं उमलण्याआधी एका फांदीवर मलमलची छोटी पिशवी बांधावी. मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने फळ धरू शकतं, पण मधमाश्या शेजारच्या ढोबळीचे परागही तितक्याच सहज आणून टाकतात. बियाणे प्रमाणीकरणात दोन जातींच्या शेतांत २०० मीटरचं अंतर म्हणूनच सांगितलं आहे. गॅलरीत तेवढं अंतर मिळत नाही. पिशवी बांधलेली फांदी दिवसातून एकदा हलवावी म्हणजे पराग झडतो. फळं धरली की पिशवी काढून देठाला रंगीत दोरा बांधावा. ती फळं झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत, मग बी काढून आठ दिवस सावलीत वाळवावं. वाळलेलं बी वाकत नाही, कट्‌कन मोडतं. तसं झालं की कागदी पाकिटात भरून, जातीचं नाव आणि साल लिहून, झाकणाच्या काचेच्या बरणीत फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं. फ्रिजमधून काढल्यावर मात्र बरणी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबावं, नाहीतर थंड बियांवर हवेतलं दव बसतं.